टाकीत पेट्रोल असताना इंजिन का थांबतं?

सेस्ना 172 या छोट्या शिकाऊ विमानावर तीस तास झाले, आता पायपर वॉरियर हे दुसरं विमान मिळणार, तर प्रशिक्षक टाकी बदलण्यावरून इतकं डोकं का खातोय, आणि इंजिन हवेत थांबलंच तर आधी हात कुठे न्यायचा, असं तुम्ही विचारलंय.

ज्यांनी बजाज चेतक चालवली, त्यांना अर्धं उत्तर ठाऊक आहे. पेट्रोलची कळ उघडायला विसरलं तरी स्कूटर किकला सुरू व्हायची आणि पुढच्या चौकात जाऊन बसायची. कार्ब्युरेटरमध्ये होतं तेवढ्यावर चालली, संपलं. विमानात तो चौक धावपट्टी संपल्यावर तीनशे फुटांवर येतो.

172 चे पंख वर, पेट्रोल आपसूक खाली उतरतं. सिलेक्टर, म्हणजे कुठल्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं ते ठरवणारी कळ, ‘बोथ’वर ठेवला की दोन्ही टाक्या चालू. वॉरियरचे पंख खाली, पंपाशिवाय भागत नाही, आणि ‘बोथ’ नाहीच. डावी नाहीतर उजवी. म्हणजे एक टाकी गच्च भरलेली असतानाही इंजिन उपाशी मरू शकतं. अमेरिकेतल्या एनटीएसबीने, म्हणजे अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेने, 2011 ते 2015 चे अपघात तपासले, तेव्हा इंधनापायी वर्षाला सरासरी 50 हून जास्त विमानं पडलेली दिसली. त्यातल्या साधारण 35 टक्क्यांत पेट्रोल विमानात होतं, इंजिनापर्यंत पोचत नव्हतं. यंत्रणेचा दोष पाच टक्क्यांनाही नव्हता.

मीही त्यातलाच. भाड्याच्या वॉरियरमधून साडेचार हजार फुटांवर मित्राला धरण दाखवत होतो. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. डावी टाकी कोरडी. उजवीवर घेतलं, पंप लावला, आणि मग काही सेकंद काहीच नाही. नळ्या पुन्हा भरायला दहा सेकंद लागू शकतात, हे पुस्तिकेत वाचलं होतं. पण ते दहा सेकंद वाचायला सोपे असतात. त्या दिवसापासून पेट्रोलच्या काट्यावर नाही, घड्याळावर चालतो. दर अर्ध्या तासाने टाकी बदलायची आणि वेळ कागदावर लिहायची. बदलायची तीही उंचीवर. उतरताना शेवटच्या वळणावर नाही, कारण नव्या टाकीत पाणी निघालं तर सावरायला जागा नसते.

गायक जॉन डेन्व्हर 12 ऑक्टोबर 1997 ला कॅलिफोर्नियात माँटेरे खाडीत कोसळला, तो लाँग-ईझेड या घरी बांधायच्या छोट्या विमानात. मूळ आराखड्यात सिलेक्टर वैमानिकाच्या समोर होता. हे विमान बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे बसवला. तिथवर हात न्यायला अंग पूर्ण वळवावं लागे, आणि वळताना उजवा रडर, म्हणजे विमानाचं नाक उजवीकडे वळवणारं पायाचं पेडल, दाबला गेला असावा, असं तपासात निघालं. पेट्रोल भरायचं का, असं उड्डाणाआधी विचारलं होतं. तो नको म्हणाला होता.

म्हणून इंजिन थांबलं की आधी नाक खाली, वेग 73 नॉट. हे झाल्याशिवाय कशालाही हात लावू नका. मग दुसरी टाकी, पंप, मिक्स्चर रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), कार्ब हीट (कार्ब्युरेटरमधला बर्फ वितळवणारी गरम हवा). कार्ब हीटला उशीर नको, कारण ती गरम हवा एक्झॉस्टभोवतून येते, आणि बंद इंजिनाचा एक्झॉस्ट निवत जातो.

उकाड्यात बर्फ कुठला, असं वाटेल. माठातलं पाणी गार का होतं? कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उडून जाताना तेच होतं, शिवाय चिंचोळ्या वाटेत हवेचा दाब पडतो. दमट हवेत 20 अंशांनाही आत बर्फ धरतो. आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, हळूच उतरतो, आपण थ्रॉटल थोडं वाढवतो, पुन्हा उतरतो. कार्ब हीट लावल्यावर बर्फ वितळून इंजिन आधी आणखी खडखडतं. घाबरून ती बंद करणारे पुष्कळ आहेत. लावून ठेवा.

वॉरियरचा सिलेक्टर तुमच्या डाव्या बाजूच्या भिंतीवर, पायापाशी आहे. पहिल्या उड्डाणाआधी इंजिन बंद असताना पाच मिनिटं नुसते बसा आणि डोळे मिटून तिथे हात नेऊन बघा.