टग आणि मोठी जहाजं: वाचकांच्या शंका

प्रश्न: चारशे मीटर लांबीचं, दोन लाख टनांहून जड जहाज तीस मीटरचा टग, म्हणजे जहाजं ओढणारी-ढकलणारी छोटी ताकदवान बोट, ओढतो तरी कसा?

तरंगतं जहाज हलवायला त्याचं वजन पेलावं लागत नाही. जहाज संथ असताना पाण्याचा विरोध फार थोडा असतो. जोर सतत लागत राहिला की जहाज हलतंच, फक्त हळूहळू. आजच्या चांगल्या बंदर-टगची खेच, म्हणजे बोलार्ड पुल, साधारण ६० ते ८० टन असते. किनाऱ्यावरच्या भक्कम खुंट्याला दोर बांधून, मध्ये ताण मोजायचं यंत्र लावून आणि इंजिनं पूर्ण जोरात चालवून ती मोजतात. आता २ लाख २० हजार टनांच्या जहाजाला सरळ रेषेत ६० टनांनी ओढलं, तर मिनिटाभरात त्याला सेकंदाला जेमतेम १६ सेंटिमीटर वेग येतो. आडवं ढकलायचं तर आणखी कमी, कारण बाजूचं पुष्कळ पाणीही जहाजाबरोबर सरकवावं लागतं.

पण धक्क्याला टेकताना एवढा वेगही जास्त होतो. इतकी मोठी जहाजं सेकंदाला १० सेंटिमीटरच्या आतच टेकवतात. म्हणजे जहाज हलवणं सोपं, वेळेवर थांबवणं अवघड. ढकलणारा टग म्हणूनच जहाज टेकायच्या बरंच आधी जोर काढून घेतो आणि दोरावर उलटी खेच देऊन वेग तोडतो.

प्रश्न: बो थ्रस्टर असलेल्या जहाजालाही टग का लागतात? आणि किती, ते कशावरून ठरतं?

बो थ्रस्टर म्हणजे जहाजाच्या पुढच्या भागात पाण्याखाली बसवलेला आडवा पंखा. तो फक्त नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या, टोकाला आडवा जोर देतो, आणि जहाज चार-पाच नॉटच्या (एक नॉट म्हणजे तासाला सुमारे १.८५ किलोमीटर) वर गेलं की त्याचा परिणाम झपाट्याने घटतो. टगांची संख्या बंदराचे नियम, पायलट (बंदरात जहाजाला वाट दाखवणारा जाणकार) आणि कप्तान मिळून ठरवतात. त्यात सर्वांत मोठा वाटा वाऱ्याचा.

रचलेल्या कंटेनरांसकट जहाजाची एक बाजू १५ हजार चौरस मीटर धरा. सेकंदाला १० मीटरचा, म्हणजे सुमारे २० नॉटचा वारा आडवा लागला तर त्याचा रेटा ९५ टनांच्या आसपास जातो. वारा १५ मीटरवर गेला की तोच रेटा सुमारे २१५ टन! वेग दीडपट झाला तर जोर सव्वादोनपट होतो, आणि हे गणित विसरल्यामुळेच ‘थोडाच तर वारा वाढलाय’ असं वाटत राहतं.

शिवाय कागदावरची खेच जहाजापर्यंत पूर्ण पोचत नाही. दोर आखूड ठेवला आणि जहाजाचा कठडा उंच असला, तर दोर तिरका वर चढतो. ४५ अंशांच्या कोनात ७० टनांपैकी आडवी खेच ५० टनांच्याही आतच उरते. त्यात टगच्या पंख्यांचा झोत जहाजाच्या अंगावर आदळून त्याला उलटा ढकलतो. जागा असेल तिथे दोर लांब सोडा, हा यावरचा सरळ उपाय. जहाजावरच्या बिटांवर, म्हणजे दोर अडकवायच्या पोलादी खुंट्यांवर, कोरलेली सुरक्षित भाराची मर्यादाही आधी विचारून घ्यावी. जुन्या जहाजाची बिटं आजच्या ताकदवान टगच्या पूर्ण खेचीसाठी बनवलेलीच नसतात.

प्रश्न: तेलवाहू जहाजाच्या मागे टग दोर बांधून नुसता येत असतो आणि दोर तर ढिला दिसतो. मग उपयोग काय?

अशा सोबतीच्या टगला एस्कॉर्ट म्हणतात, आणि तो बिघाडासाठीच तिथे असतो. जहाजाचं सुकाणू अडकलं किंवा इंजिन बंद पडलं, तर बाहेरून सुकाणू आणि ब्रेक पुरवणारा तो एकटाच. भरलेलं मोठं तेलवाहू जहाज पूर्ण उलट इंजिन देऊनही काही किलोमीटर पुढे जाऊनच थांबतं. आणि इंजिनच गेलं असेल तर तेही नाही.

जहाजाच्या मागच्या बाजूला, मधल्या फेअरलीडमधून (दोर बाहेर काढायच्या पोलादी वाटेतून) दोर दिलेला असतो. वेग सहा नॉटच्या आत असेल तर टग सरळ ओढतो. आठ-दहा नॉटला मात्र निव्वळ पंख्यांच्या जोरावर ओढण्यापेक्षा वेगळी रीत जास्त काम करते. टग बाजूला सरकतो आणि स्वतःला प्रवाहाला तिरका धरतो. येणारं पाणी त्याच्या अंगावर आणि तळाखालच्या मोठ्या स्केगवर, म्हणजे उभ्या परासारख्या पात्यावर, आदळतं. पंखे त्याला फक्त त्या कोनात धरून ठेवतात, दोर ओढायचं काम पाणी करतं. अशा वेळी दोरावरचा ताण टगच्या बोलार्ड पुलच्या दीडपट-दुप्पट होऊ शकतो. मात्र हा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो. सहा नॉटच्या मानाने दहा नॉटला तो पावणेतीनपट असतो, आणि तेवढाच टग कलतोही. म्हणून कोणताही ताकदवान टग एस्कॉर्टला चालत नाही. मोठा स्केग, भरपूर स्थिरता आणि ताण मर्यादेबाहेर जाताच आपोआप दोर सोडून परत गुंडाळणारा विंच (दोराचा यांत्रिक रहाट), या तिन्ही गोष्टी लागतात.

अलास्कात २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं. त्यानंतर अमेरिकेने १९९० च्या कायद्यात प्रिन्स विल्यम साउंड आणि प्युजेट साउंडमध्ये एकेरी कवचाच्या (सिंगल हल) भरलेल्या मोठ्या तेलवाहू जहाजांना किमान दोन एस्कॉर्ट सक्तीचे केले.

प्रश्न: अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये ‘डाली’ या कंटेनर जहाजाला टग होते, तरी ते पुलावर कसं आदळलं?

२६ मार्च २०२४ च्या पहाटे दोन टगांनी ‘डाली’ला धक्क्यापासून काढलं आणि नेहमीच्या पद्धतीने सोडून दिलं. वीज गेली तेव्हा टग बांधलेले नव्हते, आणि आदळायला काही मिनिटंच उरली होती. दहा नॉटला जहाज मिनिटाला तीनशे मीटर जातं, आठ नॉटलाही जवळजवळ अडीचशे. हीविंग लाइन, म्हणजे हाताने फेकायची बारीक दोरी, फेकायची, तिच्या मागून जाडसर मेसेंजर दोर, मग मुख्य दोराचा फास वर घेऊन बिटावर चढवायचा. एवढं सगळं चालत्या जहाजावर तितक्या वेळात होणं फार कठीण. मागे आधीच बांधलेला टग असता तर निदान नाळ वळवायचा प्रयत्न लगेच सुरू झाला असता. पुलासारख्या जागी टग जवळ असून भागत नाही, तो बांधलेला हवा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: एवढा ताकदवान टग उलटतो कसा?

दोर आडवा आला की. जुन्या धाटणीच्या टगचा हुक मध्याजवळ असतो आणि पंखा मागे. जहाजाने वेग घेतला किंवा टगला न सांगता वळण घेतलं, तर दोर टगच्या बाजूला काटकोनात येतो. वरून दोर एका दिशेला ओढतो, खालून पाणी अंगाला अडवतं, आणि टग आडवा होतो. दार उघडं असेल तर पाणी थेट इंजिनरूममध्ये. सगळं काही सेकंदांत संपतं, खलाशांना बाहेर पडायलाही वेळ मिळत नाही.

टगच्या मागच्या भागाला गॉग दोर बांधून खेचीचा बिंदू मागे आणणं, काम चालू असताना सगळी दारं-झाकणं बंद ठेवणं, आणि दोर तातडीने सोडायची कळ प्रत्यक्ष चालवून पाहणं, हे टगवाल्यांच्या हातात आहे. पायलटच्या हातात त्याहून साधी गोष्ट आहे. इंजिन वाढवण्याआधी टगला सांगावं.

ज्यांचे पंखे ३६० अंशांत फिरतात ते टग पुष्कळ सुरक्षित, पण निर्धास्त नाहीत. नाळेपाशी दोर घेताना जहाजाचा दाबाचा पट्टा टगला आधी बाहेर ढकलतो, जरा मागे सरकलं की आत ओढतो. पाण्याखाली नाळेचा फुगीर भाग दिसतही नाही. म्हणून तिथे दोर घेताना वेग पाच-सहा नॉटच्या आत हवा.

प्रश्न: पोलादी वायर सोडून आता सिंथेटिक दोर का?

डायनीमासारख्या धाग्याचा दोर तेवढ्याच ताकदीच्या वायरपेक्षा सात-आठ पट हलका असतो आणि तरंगतो. दोघे खलाशी तो सहज वर घेतात. पण तो फारसा ताणला जात नाही, म्हणून लाटेचा हिसका सरळ विंचवर येतो. त्यासाठी मध्ये नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा लवचीक तुकडा जोडतात. दुसरा शत्रू घर्षण. हा धागा १५० अंश सेल्सियसच्या आतच वितळतो, त्यामुळे गंजलेल्या, खरबरीत फेअरलीडमध्ये घासला की आतून कमकुवत होतो. चकाकणारा, कडक झालेला पट्टा दिसला की तो भाग कापून टाकावा.

प्रश्न: दोर सोडताना खलाशी तो पटकन पाण्यात का टाकत नाहीत?

खाली टगचे पंखे फिरत असतात. पाण्यात पडलेला ढिला दोर आत ओढला गेला तर टग जहाजाच्या अगदी शेजारी निकामी होतो. म्हणून फास मेसेंजरवर धरून हळूहळू खाली द्यायचा आणि टगच्या विंचने तो गुंडाळत राहायचा. टगने इशारा केल्याशिवाय मेसेंजर हातातून सोडायचा नाही.