शेतमालाचा बाजार: तुमचे प्रश्न

प्रश्न: कांद्यावरचं निर्यात शुल्क काढलं तरी सोलापूर यार्डात लाल कांद्याला दर नाही. माझा 2 एकर काढायला आलाय, साठवणीच्या चाळीत टाकून थांबू का विकून मोकळा होऊ? (मोहोळ तालुक्यातले वाचक)

दादा, लाल असेल तर थांबू नका. त्याची मान जाड, पाणी जास्त, चाळीत महिनाभर टिकला तरी खूप, आणि सडायला लागला की शेजारचाही घेऊन जातो. थांबायचं ते गरव्यासाठी, म्हणजे रब्बीच्या कांद्यासाठी, उन्हाळ्यात काढलेला नीट सुकवला तर 4-5 महिने जातो.

आता शुल्काचं. ऑगस्ट 2023 ला 40 टक्के लावलं, 8 डिसेंबरला थेट निर्यातबंदी, ती उठली 4 मे 2024 ला, पण तेव्हाही टनाला 550 डॉलरच्या खाली विकायचं नाही ही अट आणि 40 टक्के शुल्क होतंच, सप्टेंबरात अट गेली आणि शुल्क 20 वर आलं, शून्य झालं 1 एप्रिल 2025 ला. म्हणजे दीड वर्षाहून जास्त काळ बाहेरच्या व्यापाऱ्याला आपला भरवसाच नव्हता. समजा बंदरावर 20 रुपयांचा कांदा, त्यावर 8 रुपये शुल्क, मग तो पाकिस्तानचा नाहीतर इजिप्तचा का नाही घेणार? एकदा तिकडं वळलेलं गिऱ्हाईक शुल्क काढलं म्हणून लगेच परत येत नाही. बांगलादेशाचं तर असं की त्यांचा स्वतःचा कांदा निघाला की ते आपला रोखतात, आणि नेमकी तेव्हाच आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीची आवक असते, यार्डात गाड्यांची रांग लागते, कधीकधी तर एखाद दिवस लिलाव बंद ठेवायची वेळ येते. मला याचा फार राग येतो, कारण भाव चढला की लगेच दार लावतात आणि पडला की शेतकऱ्याला कोणी विचारत नाही.

तुमच्या हातात आहे ते करा. काढल्यावर पातीसकट 3-4 दिवस रानात सुकू द्या, मान थोडी ठेवून कापा, गोल्टी (बारीक कांदा) आणि जोड कांदा शेतातच बाजूला काढा. पिशवीत वर चांगला नि खाली गोल्टी निघाली की व्यापारी सगळ्या लॉटचा दर पाडतो. आणि 2 एकर एकाच दिवशी नेऊ नका, आदल्या रात्री आवक किती ते अडत्याला फोन करून विचारा, दोन-तीन खेपांत न्या.

प्रश्न: भगवा डाळिंब युरोपला पाठवायचाय, व्यापारी म्हणतोय आधी कागद आणा. कसले कागद? (सांगोल्याच्या वाचक)

ताई, व्यापारी बरोबर बोलतोय. अपेडाची, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेची, अनारनेट ही डाळिंब बागांची नोंदणी लागते, ती कृषी विभागाकडं बागेच्या नावानं करायची, आणि ती बहर धरल्यावर लवकर करा, फळं रंगात आल्यावर धावपळ नको. दुसरं, फवारणीची वही. तेल्या (डाळिंबावरचा जिवाणूचा रोग) दिसला की आपण घाबरून मिळेल ते मारतो, पण युरोपात फळातला औषधाचा अंश तपासतात, मर्यादेपेक्षा जास्त सापडला तर माल अडतो. म्हणून औषधाचं नाव, तारीख, प्रमाण रोज लिहा, आणि काढणीच्या किती दिवस आधी थांबायचं ते लेबलवर असतं ते पाळा. तेल्यासाठी काय चालतं हे दुकानदाराला विचारण्याआधी सोलापूरजवळच्या केगावच्या डाळिंब संशोधन केंद्राचं वेळापत्रक बघा, ते आपल्याच भागासाठी बनवलेलं आहे.