बुलेटचा सायलेन्सर घरी बनवतोयस? मग कार्ब्युरेटरच्या जेटचंही बघ

मित्रा, जुन्या कास्ट आयर्न बुलेट ३५० ला पाईपचे तुकडे गाडीवर लावून फक्त वेल्डिंगचे टाके मार, पूर्ण वेल्डिंग खाली काढून कर. आत जाळीचा पाईप आणि ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) हवंच. नुसता पोकळ पाईप लावू नकोस. गल्लीत तान्ही बाळं, आजारी माणसं असतात, शिवाय दंड होतो.

पाईप मोकळा झाला की हवा वाढते, पेट्रोल कमी पडतं. मी जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, न बदलताच खंबाटकी घाट चढलो होतो. वर पोचेपर्यंत इंजिनमधून निघणारा बेंडपाईप निळा आणि प्लग खडूसारखा पांढरा! म्हणून मेन जेट एकेक नंबरने वाढव. रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला पूर्ण थ्रॉटल दे, क्लच दाबून लगेच इंजिन बंद कर, प्लग काढून बघ. बिस्किटाचा रंग आला तर बरोबर; काजळी धरली तर एक नंबर उतर. अर्ध्या थ्रॉटललाच अडखळत असेल तर जेट राहू दे, कार्ब्युरेटरच्या सुईची क्लिप एक खाच खाली घे, म्हणजे सुई वर येते आणि पेट्रोल जास्त मिळतं.

थ्रॉटल सोडल्यावर फटफटली तर आधी इंजिनच्या हेडजवळचा पाईपचा जोड तपास, बहुतेक वेळा तिथूनच हवा खेचत असते.