लेक माइट्सचे केस मोजणार म्हणते, तर पुढे काय?

प्रश्न : आमची कुडाळला नारळाची बाग आहे. मुलगी एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. पुढे माइट्सच्या नव्या प्रजातींचं वर्णन करण्यात पीएच.डी. करायचं म्हणते. डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याचे केस मोजून पोट भरेल का? – एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमची लेक ज्याच्या मागे लागली आहे, तो जीव तुमच्या बागेत आहे. कोवळ्या नारळाच्या देठाशी, टोपीखालून एक पांढरट त्रिकोणी डाग उतरतो, पुढे तो तपकिरी होऊन साल तडकते, हे तुम्ही पाहिलंच असेल. ते काम इरिओफाइड कोळ्याचं (इथे कोळी म्हणजेच माइट, जाळं विणणारा कोळी नव्हे). मेक्सिकोतल्या ग्वेरेरो भागातल्या नमुन्यांवरून किफर या शास्त्रज्ञाने १९६५ साली त्याचं वर्णन करून ठेवलं होतं. १९९८ मध्ये केरळात तो आढळला, तेव्हा ओळख पटवायला ते वर्णन हाताशी होतं.

आता हे वर्णन म्हणजे काय ते सांगते, कारण 'केस मोजणं' म्हटलं की काम पोरकट वाटतं. हा कोळी जेमतेम पाव मिलिमीटरचा, अळीसारखा लांबट. बहुतेक माइट्सना पायांच्या चार जोड्या, याला दोनच, त्याही पुढच्या बाजूला. एका केसाच्या टोकाने त्याला उचलायचं, रसायनात पारदर्शक करायचं आणि काचपट्टीवर पाय नीट पसरतील असं बसवायचं. हवेचा एक बुडबुडा आला तरी नमुना वाया. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाठीवरच्या ढालीची रेघ न् रेघ, अंगावरची वलयं, प्रत्येक केसाची जागा आणि लांबी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, नोंदवायची. पायाच्या टोकाला पिसासारखा एक अवयव असतो. त्याला काड्या किती, पाच की सहा, यावरही प्रजाती वेगळी ठरू शकते. हे सगळं हाताने रेखाटायचं आणि ज्यावरून नाव दिलं तो नमुना संग्रहालयात कायमचा जमा करायचा.

यात चूक झाली तर काय होतं, ते मधमाश्यांच्या व्हरोआ माइटने दाखवलं. जगभर वसाहती मारणारा तो माइट म्हणजे १९०४ साली जावातून वर्णन केलेलीच प्रजाती, असं सगळे कित्येक वर्षं धरून चालले. २००० साली ऑस्ट्रेलियातल्या अँडरसन आणि ट्रूमन यांनी शरीराची मापं आणि डीएनए तपासून ती दुसरीच प्रजाती असल्याचं दाखवलं. मारेकरी वेगळाच होता, आणि त्याला तोवर स्वतःचं नावसुद्धा नव्हतं! म्हणून या कामाला कुणी फालतू म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं.

पण पोटाचा तुमचा प्रश्न रास्त आहे. निव्वळ नव्या प्रजाती शोधण्याचा पगार देणाऱ्या जागा आपल्याकडे फार थोड्या. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था (पुण्यात आकुर्डीला तिचं केंद्र आहे), काही विद्यापीठं, बस्स. तिथल्या भरतीवर आयुष्य टांगून ठेवू नये. कृषी विद्यापीठांतल्या कीटकशास्त्राच्या जागांना बहुधा कृषी शाखेचीच पदवी मागतात, त्यामुळे जाहिरात नीट वाचून मगच त्या वाटेचा विचार करा.

माझं मत असं : तिला जाऊ द्या, पण दोन गोष्टी ठरवून. पहिली, सीएसआयआर-नेट ही देशपातळीवरची परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळवायची. सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता मिळतो, म्हणजे पीएच.डी.ची वर्षं तुमच्यावर भार पडत नाही. दुसरी, वर्णनाच्या जोडीला डीएनए तपासणी आणि पिकांचे किंवा रोगांचे माइट्स शिकायचे. स्क्रब टायफस हा तापाचा आजार चिगर माइटच्या सहा पायांच्या अळीमुळेच पसरतो आणि २०१८ मध्ये विदर्भाने त्याची झळ सोसली आहे. हे येत असेल तर आरोग्य संशोधन, पीक संरक्षण, अध्यापन अशा आणखी वाटा मोकळ्या राहतात.

आणि मार्गदर्शक निवडताना त्याच्याकडच्या जुन्या विद्यार्थ्यांशी तिने स्वतः बोलावं. प्रयोगशाळेत फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शक (पारदर्शक नमुनाही स्पष्ट दाखवणारा) आहे का, काचपट्ट्या करायला कोण शिकवतं, हेही विचारावं. नुसत्या पुस्तकावरून हा हात बसत नाही.

तिचा जीव यात खरंच रमतो का, ते घरीच बघता येईल. सुट्टीत ती आली की डाग पडलेला एक कोवळा नारळ तिच्यापुढे ठेवा. कॉलेजातून सूक्ष्मदर्शक दोन दिवस मिळाला तर उत्तमच. टोपी सोडवून खालचे कोळी तिला वेचू द्या, काचपट्टीवर बसवू द्या, बिघडू द्या. तिसऱ्या बिघडलेल्या काचपट्टीनंतर ती चौथी घेते का, ते पाहून मला परत लिहा. पुढचं तेव्हा बोलू.