फाशीची शिक्षा झालेला माणूस निर्दोष सुटला, तर सरकार भरपाई देतं का?

आपोआप मिळत नाही. निर्दोष सुटलेल्याला भरपाईचा हक्क देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने ऑगस्ट 2018 मध्ये 277 व्या अहवालात तशी शिफारस केली होती, ती कागदावरच राहिली. विनाकारण अटक करवल्याबद्दल एक कलम आहे, पण त्याची मर्यादा ऐकून हसाल: एक हजार रुपये!

मिळते ती न्यायालयाच्या मर्जीने. आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. भटक्या जमातीतल्या सहा जणांपैकी तिघांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये कायम केली आणि उरलेल्या तिघांची जन्मठेप वाढवून फाशी केली. त्याच न्यायालयाने मार्च 2019 मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं. साक्षीदार बाईने पोलिसांच्या अल्बममधून भलत्याच चौघांचे फोटो ओळखले होते, त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षं गेली, त्यातला एक जण तर घटनेवेळी अल्पवयीन होता. राज्य सरकारने प्रत्येकी 5 लाख द्यावेत, असा आदेश झाला. वर्षाला साधारण 31 हजार पडतात, हिशोब तुम्हीच करा.

निकालात भरपाईचा उल्लेख नसेल, तर संविधानाच्या कलम 226 खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. वकील परवडत नसेल आणि तुम्ही नाशिकचे असाल, तर तिथल्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. निकालाच्या प्रमाणित प्रती मात्र चार-पाच आधीच काढून ठेवा. सातपूर-अंबडच्या कंपनीत पोलीस व्हेरिफिकेशन मागतात, घरमालकही विचारतो, आणि ‘सुटला म्हणजे काहीतरी केलंच असेल’ म्हणणाऱ्यांपुढे तोंडी सांगून भागत नाही.