वाचकांचे प्रश्न : शाखेच्या सर्व्हरवर जुन्याच पॉलिसी

प्रश्न : नमस्कार सर, मी एका पतसंस्थेत आयटी बघतो. हेड ऑफिसला एक डोमेन कंट्रोलर (डीसी, म्हणजे नेटवर्कमधले लॉगिन आणि नियम सांभाळणारा सर्व्हर) आणि शाखेत एक, दोन्ही विंडोज सर्व्हर २०१२. उन्हाळ्यात शाखेत सारखी लाईट जायची. आता शाखेतल्या पीसीवर नवीन ग्रुप पॉलिसी (सगळ्या पीसींना एकदम लागणाऱ्या सेटिंग) लागतच नाहीत, लॉगमध्ये इव्हेंट १०५८ येतो आणि पॉलिसीची जीपीटी डॉट आयएनआय ही फाईल वाचता येत नाही म्हणतो. शाखेच्या डीसीवर इव्हेंट ४०१२ पण आहे. रेप्लिकेशन (एका डीसीवरचा डेटा दुसऱ्यावर जाणं) तपासणारी रेपअ‍ॅडमिन कमांड मात्र सगळं ओके दाखवते. मित्र म्हणतो रजिस्ट्रीत डी४ टाक, टाकू का?

उत्तर : नका टाकू. डी४ ही जुन्या एफआरएसची गोष्ट (डीसींमध्ये फाईल कॉपी करणारी आधीची सर्व्हिस). ४०१२ हा तिच्या जागी आलेल्या डीएफएसआरचा इव्हेंट, तो आलाय म्हणजे तुमचं सिसव्हॉल (पॉलिसी आणि स्क्रिप्टच्या फाईल ठेवायचं डीसीवरचं फोल्डर) डीएफएसआरवर चालतंय, तिथे डी४ सारख्या बर्फ्लॅग्सचा (एफआरएसच्या रजिस्ट्री सेटिंगचा) काही उपयोग नाही.

रेपअ‍ॅडमिन खोटं बोलत नाहीये हो. ग्रुप पॉलिसी दोन तुकड्यांत राहते, एक अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या (एडी) डेटाबेसमध्ये आणि दुसरा सिसव्हॉलमध्ये फाईल म्हणून. डेटाबेसचं रेप्लिकेशन वेगळं आणि फाईलचं वेगळं, त्यामुळे शाखेला कळतं की अशी पॉलिसी आहे पण तिचं फोल्डर तिथे पोचलेलंच नसतं, मग १०५८.

लाईटचा उल्लेख केलात ते बरं झालं. सर्व्हर धाडकन बंद पडला की सर्व्हर २०१२ मध्ये डीएफएसआर इव्हेंट २२१३ नोंदवून थांबतं आणि कोणीतरी येऊन रिझ्यूम करेल याची वाट बघत बसतं, कमांडसुद्धा त्या इव्हेंटमध्येच लिहिलेली असते. पण तो लॉग उघडतो कोण! असे ६० दिवस गेले की ४०१२, आणि मग नुसतं रिझ्यूम करून भागत नाही. काही जण मॅक्सऑफलाइनटाइम (ही ६० दिवसांची मर्यादा) वाढवून वेळ मारून नेतात, मला ते पटत नाही, शिळ्या फाईल चांगल्यात मिसळायचा धोका असतो.

आता हात लावायच्या आधी एकच काम, दोन्ही डीसीवरच्या पॉलिसीज आणि स्क्रिप्ट्स फोल्डरच्या कॉपी वेगळ्या ड्राइव्हवर काढा आणि शेजारी ठेवून ताडून बघा. सिसव्हॉलच्या आत सिसव्हॉल नावाचंच अजून एक फोल्डर दिसेल, त्यात डोमेनच्या नावाचं जंक्शन (त्याच फाईलकडे नेणारा दुवा) आहे, ते कॉपी करू नका. पॉलिसी बहुतेक हेड ऑफिसलाच ताज्या असतील कारण पॉलिसी एडिटर डीफॉल्टने पीडीसीवर (मुख्य भूमिका असलेल्या डीसीवर) लिहितो (पीडीसी तिथेच आहे ना, नेटडॉम क्वेरी एफएसएमओ करून बघा), पण शाखेत बसून कोणी लॉगिन स्क्रिप्ट बदलली असेल तर नवी प्रत फक्त शाखेत असणार, आणि पुढच्या स्टेपमध्ये तीच उडते.

हेड ऑफिस धड असेल तर फक्त शाखेचं नॉन-ऑथॉरिटेटिव्ह सिंक (शाखेने हेड ऑफिसची प्रत घ्यायची) पुरतं. एडीएसआय एडिटमध्ये (एडीतल्या नोंदी थेट बदलायचं टूल) शाखेच्या डीसीखाली डीएफएसआर-लोकलसेटिंग्ज, मग डोमेन सिस्टम व्हॉल्यूम, मग सिसव्हॉल सबस्क्रिप्शन, तिथे एमएसडीएफएसआर-एनेबल्ड फॉल्स करा, एडी रेप्लिकेट करा, शाखेत डीएफएसआरडायग पोलएडी कमांड चालवा (त्याने डीएफएसआर एडीतला बदल लगेच वाचतं), इव्हेंट ४११४ यायला पाहिजे. मग परत ट्रू, परत रेप्लिकेट, परत पोलएडी. ४६१४ आला म्हणजे सुरू झालं, ४६०४ आला म्हणजे झालं. मध्ये घाई करून सर्व्हिस बंदचालू करत बसू नका.

दोन्हीकडचं बिघडलं असेल तरच ऑथॉरिटेटिव्ह (एका डीसीची प्रत खरी धरून दुसऱ्यावर टाकायची) : दोन्हीकडे डीएफएसआर सर्व्हिस बंद, दोन्हीकडे एनेबल्ड फॉल्स, ज्याची प्रत चांगली त्याच्यावर एमएसडीएफएसआर-ऑप्शन्स १, रेप्लिकेट, मग आधी तोच सुरू करून ट्रू करायचा, त्याच्यावर ४६०२ दिसल्यावरच दुसरा. फाईलच कुठे शिल्लक नसतील तर बॅकअपला पर्याय नाही, कारण डीसीजीपीओफिक्स ही कमांड फक्त दोन डीफॉल्ट पॉलिसी परत बनवते, त्याही मूळ डीफॉल्ट रूपात, तुमच्या सेटिंगशिवाय.

काम झाल्यावर शाखेतली ताजी स्क्रिप्ट असेल तर कॉपीतून हेड ऑफिसला टाका, शाखेत आपोआप येईल. आणि बॉसकडून शाखेला धड यूपीएस मागून घ्या.