तंबाखूचे दुष्परिणाम मुलांना गेममधून शिकवता येतील का?

तुम्ही विचारलंय की पाचवी ते सातवीच्या वर्गाला तंबाखूचे तोटे कॉम्प्युटर गेममधून शिकवले तर उपयोग होतो का, आणि गेम कोणता घ्यावा. मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे, तीन वर्षं हे करतोय. उपयोग होतो. फक्त तयार गेम शोधत बसू नका, आपल्या पोरांच्या घरातला प्रसंग गेममध्ये आणा.

पहिल्या वर्षी मी प्रश्नमंजूषेचा गेम केला होता. निकोटिन म्हणजे काय, तोंडाचा कॅन्सर कशानं होतो, महाराष्ट्रात गुटखाबंदी कधी आली (2012). बरोबर उत्तराला टाळ्या. पोरं तुटून पडली. पाचवीतल्या एकाला वीसपैकी वीस पडले आणि दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत तोच पोरगा शाळेमागच्या लिंबाखाली मावा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण, चोळत बसलेला दिसला. मी रागावलो नाही, शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, तुला तर सगळं येतंय, मग काहून? तो म्हणाला, "सर, ते पेपरातलं झालं. आबाची पुडी आणायला गेलं की दुकानदार थोडं हातावर ठेवतो."

तंबाखू त्याच्यापर्यंत आली ती घरचं काम म्हणून. आपल्याकडे "जाय रं, पुडी घेऊन ये" हे वाक्य न ऐकलेलं पोर सापडणार नाही. पुडी आबाची, मिश्री आजीची, आणि हेलपाटे लेकराचे. 2019 च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातले 13 ते 15 वयाचे 8.5 टक्के विद्यार्थी तंबाखू वापरत होते. खायची तंबाखू कधी ना कधी घेतलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी ती वयाच्या दहा वर्षांच्या आतच घेतली होती. म्हणून तुम्ही पाचवीपासून धरताय ते मला फार पटलं. नववीत व्याख्यान ठेवून काही हाती लागत नाही.

दुसरा गेम मी स्क्रॅचवर केला, म्हणजे मुलांनाही गेम बनवता येतील अशा सोप्या सॉफ्टवेअरवर. ते फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं, मजकूर देवनागरीत टाकता येतो. लाईट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर तास निभतो. गेम एवढाच: पोरगा शाळेतून घरी येतो, ओट्यावर बसलेले आबा पुडी आणायला सांगतात, खाली तीन वाक्यं येतात, त्यातलं एक निवडायचं. पहिलं वाक्य मी लिहिलं होतं, "आबा, तंबाखू आरोग्यास हानिकारक आहे." अख्खा वर्ग हसला. "सर, असं कोण बोलतं घरी?" खरंच होतं. मग खडू त्यांच्याच हातात दिला. एका पोरीनं लिहिलं, "आबा, पाणी आणून देते, चहा आणून देते, पुडी तेवढी तुम्ही आणा." दुसऱ्यानं लिहिलं, "आबा, अठराच्या आतल्याला पुडी दिली तर दुकानदारावर केस होते." हे बरोबर आहे. 2003 च्या कायद्यानं 18 वर्षांखालच्याला तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून 100 यार्डांच्या आत कोणालाच विकता येत नाही. त्या पोरानं घेतलेली प्रत्येक पुडी बेकायदा होती, आणि हे त्याला वीसपैकी वीस पडूनही कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

एक नियम मात्र ठेवा. वाक्य नुसतं क्लिक करायचं नाही. उभं राहून, शेजारच्याला आबा समजून, मोठ्यानं म्हणायचं. आमच्याकडे लॅपटॉप एक आणि पोरं चौतीस, त्यामुळं हे आपसूकच झालं. पहिल्यांदा सगळ्यांचा आवाज घशातच अडकतो. चौथ्या-पाचव्या वेळेला निघतो. माझ्या मते शिकणं होतं ते तिथं, पडदा फक्त निमित्त.

गेममध्ये एक पातळी सुपारीची आहे. पात्रानं मावा घेतला की त्याचं तोंड थोडं कमी उघडतं, शेवटी घास जात नाही. हे मनचं नाही. सुपारीनं तोंडाच्या आतलं आवरण कडक होत जातं, डॉक्टर त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, पुढं त्याचा कॅन्सर होऊ शकतो. नुसती गोड सुपारी खाणाऱ्यालाही हा धोका आहे, आणि ती तर पोरं खाऊ म्हणून खातात. ही पातळी झाली की मी सगळ्यांना हात धुवायला लावतो आणि आपलीच तीन बोटं, एकावर एक उभी धरून, तोंडात घालून बघायला सांगतो. सहसा जातात. दुसऱ्या दिवशी पाचवीतली एक पोरगी दारातूनच म्हणाली, "सर, मह्या चुलत्याची दोनच गेली." त्यांना निरोप धाडून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवायला सांगितलं. ते गेले.

आता एक चूक, जी तुम्ही करू नका. माझ्या गेमच्या शेवटी आधी तंबाखू खाणारा माणूस मरायचा. ते बघून एका पोरीनं बाकावर डोकं टेकलं ते तास संपेपर्यंत वर केलं नाही. तिचे वडील दिवसाला चार पुड्या खातात, हे मला माहीत असायला हवं होतं. मी तो शेवट त्याच रात्री काढला. आता शेवटी पात्र 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत सरकारी नंबर लावतं. पोरं तो वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतात, काहींनी घरी चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशानं लिहिलाय. पुड्यांची खरी नावं, रंगीत पाकिटं गेममध्ये आणू नका, जाहिरात होते.

लिंबाखालच्या पोराबद्दल सांगायचं राहिलं. तो आता सातवीत आहे. त्याच्या आबांची तंबाखू सुटलेली नाही, पण पुडी आणायला ते काठी घेऊन स्वतः टपरीवर जातात.